व्हॉल्व्हचा स्वर आणि घरांतील गिटार

मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढावयास बसला म्हणजे घोडीची पाठ कानसीनें हलकेच घांसतो, तार छेडून पाहतो, पुन्हां घांसतो. अखेरीस तार आणि घोडी यांच्यामध्यें तो सुताचा एक दोरा सरकवितो. तो दोरा नेमक्या जागीं येतांच तारेचा कोरडा टणत्कार नाहींसा होतो आणि तिच्यांतून भरलेला, गुंजणारा नाद निघूं लागतो. यंत्राच्या दृष्टीनें पाहिलें तर हा दोष म्हणावा लागेल. कंप पावणारी तार मोकळी असावी, तिनें कोठेंहि घांसूं नये, असें साधा नियम सांगतो. येथें तर तार घोडीच्या वक्र पाठीला क्षणोक्षणीं शिवते आणि सुटते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनीं १९२१ सालीं भारतीय तंतुवाद्यांवर जो निबंध प्रसिद्ध केला, त्यांत त्यांनीं याच घोडीचा विचार केला आहे. तार ज्या बिंदूवर छेडली असतां एखादा उपस्वर निघूंच नये, त्या बिंदूवर छेडली तरी तंबोऱ्यांतून तो उपस्वर ऐकूं येतो, असें त्यांना आढळून आलें. खर्जाच्या तारेंतून जो स्वयंभू गांधार ऐकूं येतो, त्यालाहि जवारी अशीच साह्य करते. ज्याला दोष म्हणावें, तोच तंबोऱ्याचा प्राण आहे.

असाच प्रकार विसाव्या शतकांत अगदीं निराळ्या एका वस्तूच्या बाबतींत घडून आला. ती वस्तु म्हणजे रेडिओचा काचेचा व्हॉल्व्ह, आणि त्याच्या दोषावर ज्याचा गोडवा उभा राहिला तें वाद्य म्हणजे विजेची गिटार.

व्हॉल्व्हचा जन्म संगीतासाठीं झाला नाहीं. १९०४ सालीं इंग्लंडांत जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग यांनीं दोन अग्रांचा निर्वात व्हॉल्व्ह तयार केला, तो बिनतारी संदेश टिपण्यासाठीं. दोनच वर्षांनीं, १९०६ त, अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्यांत तारेची एक जाळी बसविली. या जाळीवरील अगदीं अल्प विद्युद्दाबानें मोठा प्रवाह कमीजास्त करतां येतो, असें पुढें दिसून आलें. कालव्याचा दरवाजा एका हातानें फिरवावा आणि त्यामागचा सारा लोंढा त्याच्या आज्ञेंत चालावा, तसाच हा प्रकार. क्षीण ध्वनि मोठा करण्याचें साधन मनुष्याच्या हातीं आलें तें असें.

मराठवाड्याच्या लोकांना व्हॉल्व्हची ओळख झाली ती रेडिओमुळें. पैनगंगेच्या कांठचें किनवट त्या काळीं हैदराबाद संस्थानच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेंत तें नांदेड जिल्ह्याकडे आलें. हैदराबादचें रेडिओकेंद्र निजाम सरकारनें १९३५ सालीं आपल्या हातीं घेतलें आणि १ एप्रिल १९५० रोजीं तें आकाशवाणींत विलीन झालें. त्या काळच्या रेडिओचें बटण फिरविलें तरी आवाज लगेच येत नसे. आंतील नळ्या आधीं तापत, पेटीच्या मागून नारिंगी उजेड दिसे, आणि मग दुरून चालत आल्यासारखा आवाज हळूहळू उमटे. त्या आवाजाला एक ऊब होती, असें जुनीं माणसें अजून सांगतात. ही ऊब केवळ आठवणीची नव्हे. तिला कारण आहे.

इकडे अमेरिकेंत गिटार वाजविणारांपुढें एक अडचण उभी होती. मोठ्या वाद्यवृंदांत ट्रंपेट आणि ढोल यांपुढें गिटारीचा आवाज बुडून जाई. १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनीं लॉस एंजेलिस येथें, तारांखालीं लोहचुंबक आणि तारेचें वेटोळें बसवून, तारांचा कंप विजेंत रूपांतरित करणारी गिटार तयार केली. ही पहिली गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची हवायन धर्तीची होती. हीच धर्त पुढें भारतांत रुजली. व्हॅन शिप्ले यांनीं तिच्यावर चित्रपटगीतें वाजवून ध्वनिमुद्रिका काढल्या, आणि ब्रिजभूषण काबरा यांनीं तिला शास्त्रीय संगीतांत स्थान मिळवून दिलें. नगर जिल्ह्यांतील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, यांनीं १९४० नंतरच्या दशकांत गिटार, सॅक्सोफोन आणि माउथऑर्गन यांचा मेळ हिंदी चित्रपटगीतांत घातला. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांत गिटार अशी घरचीच होऊन गेली.

व्हॉल्व्हचे ध्वनिवर्धक बनविणारांचा हेतु मात्र एकच होता: गिटारीचा आवाज मोठा व्हावा, पण तो जसाच्या तसा राहावा. कॅलिफोर्नियांतील लिओ फेंडर यांनीं १९५० नंतर जे ध्वनिवर्धक बाजारांत आणले, ते स्वच्छ आवाजासाठींच होते. परंतु वाजविणारे तरुण नॉब पूर्ण उजवीकडे फिरवूं लागले, आणि तेथें आवाज फाटूं लागला. कारखानदारांनीं याला बिघाड मानलें. ऐकणारांना मात्र तो आवडला. १९५८ सालीं लिंक रे नांवाच्या वादकानें आपल्या स्पीकरच्या कागदाला भोंकें पाडलीं. १९६४ त लंडनमध्यें डेव्ह डेव्हिस या तरुणानें तर स्पीकरचा कागद पात्यानें चिरला. दोघांनाहि हवा होता तो फाटका आवाजच. लंडनच्या हॅनवेल भागांत जिम मार्शल यांनीं १९६२ सालीं फेंडरच्या 'बासमन' या ध्वनिवर्धकाच्या आराखड्यावरून आपला पहिला ध्वनिवर्धक केला, आणि पुढील कांहीं वर्षांत हाच दोष एका नव्या संगीताची ओळख होऊन बसला.

या दोषाचें स्वरूप समजून घेतल्याशिवाय पुढची कथा कळावयाची नाहीं. कोणत्याहि ध्वनिवर्धकाला एक मर्यादा असते. त्या मर्यादेपलीकडची ध्वनिलहर त्याच्यांत मावत नाहीं, आणि तिचा माथा कापला जातो. ट्रॅन्झिस्टरच्या साध्या रचनेंत हा माथा कुऱ्हाडीनें छाटल्यासारखा एकदम सपाट होतो. व्हॉल्व्हमध्यें मर्यादा जवळ येऊं लागतांच लहर आधीं दबते, मग वाकते आणि अखेरीस सपाट होते. घाटाचा रस्ता जसा वळणावळणानें माथ्यावर पोंचतो, तसा. लहरीचा आकार बदलला कीं तिच्यांत नवे उपस्वर उत्पन्न होतात. दुप्पट कंपसंख्येचा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकांतला षड्ज, तिप्पट कंपसंख्येचा म्हणजे त्याच्यावरचा पंचम, पांचपटीचा म्हणजे गांधार. हे उपस्वर मूळ स्वराशीं जुळून येतात. सातपट, नऊपट आणि त्यापुढचे उपस्वर वाढले म्हणजे मात्र कानाला खर बोचूं लागते. आकस्मिक छाटणींत हे वरचे उपस्वर फार निघतात. हळूहळू दबणाऱ्या लहरींत ते कमी असतात. रसेल हॅम यांनीं १९७३ सालीं व्हॉल्व्ह आणि ट्रॅन्झिस्टर यांची तुलना करणारा जो लेख प्रसिद्ध केला, त्यानें या चर्चेला शास्त्रीय वळण दिलें.

मात्र केवळ सम उपस्वर म्हणजे व्हॉल्व्ह, असें जें पुष्कळदां सांगण्यांत येतें, तें अर्धेंच खरें आहे. मोठ्या ध्वनिवर्धकांत शेवटचे व्हॉल्व्ह जोडीनें काम करतात, आणि त्या जोडणींत सम उपस्वर बरेचसे एकमेकांस मारतात. खरा स्वर साऱ्या साखळीचा असतो. पहिला लहान व्हॉल्व्ह, शेवटचे मोठे व्हॉल्व्ह, त्यांच्या पुढचा लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर, जोराच्या आघातासरशीं क्षणभर खचणारा विद्युत्पुरवठा आणि १२ इंची कागदी स्पीकर, हीं सारीं त्या साखळीचीं कडीं आहेत. यांतल्या स्पीकरचें महत्त्व सामान्यतः लक्षांत येत नाहीं. सेकंदाला सुमारें ५,००० कंपनांच्या वरचा ध्वनि तो जवळजवळ गाळून टाकतो. फाटलेल्या आवाजांतील जो किरकिराट कानांत घुसला असता, तो या चाळणींत राहतो.

गिटारवादक फाटक्या आवाजांत पुष्कळदां षड्ज आणि पंचम एवढींच दोन स्थानें कां धरतो, याचें उत्तरहि येथेंच आहे. दोन स्वर एका वेळीं मर्यादेला भिडले कीं त्यांच्या कंपसंख्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर उत्पन्न होतात. षड्ज-पंचमाचें प्रमाण दोनास तीन. त्यांची वजाबाकी एक, म्हणजे खालच्या सप्तकांतला षड्ज. त्यामुळें दोन स्वर छेडले असतां तळाशीं तिसरा आपोआप घुमूं लागतो. तीन-चार निराळे स्वर एकत्र छेडले तर मात्र या बेरजा-वजाबाक्यांचा गोंधळ माजतो.

आतां अडचणीकडे वळावें. व्हॉल्व्हचा हा स्वर मर्यादेशींच निघतो, आणि मर्यादा गांठावयाची तर आवाज प्रचंड करावा लागतो. ५० वॅटऐवजी ५ वॅटचा ध्वनिवर्धक घेतला तर आवाज दहापट कमी होईल, असा अनेकांचा समज असतो. कानाला तो जेमतेम निम्मा वाटतो. गिटारीचे कित्येक स्पीकर अवघ्या १ वॅटवर, एक मीटर अंतरावरून, ९७ ते १०० डेसिबलपर्यंत आवाज देतात. मैदानांत हें शोभतें. ज्या घराच्या भिंतीला भिंत लागून शेजाऱ्याचें घर आहे, जेथें एका खोलींत मूल अभ्यासाला बसलें आहे आणि दुसरींत म्हातारें माणूस निजलें आहे, तेथें हें चालावयाचें नाहीं. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, तापतात, प्रवासांत फुटतात आणि महाग पडतात. आज त्यांचे मोठे कारखाने रशिया, स्लोव्हाकिया, चीन अशा मोजक्याच देशांत उरले आहेत. १९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेंत ट्रॅन्झिस्टर जन्मला, आणि पुढच्या तीस वर्षांत व्हॉल्व्ह घरोघरच्या रेडिओंतून नाहींसा झाला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्यांत रेडिओचे व्हॉल्व्ह १९६१ सालीं निघूं लागले. आणि पुढच्याच वर्षीं, १९६२ त, तेथेंच जर्मेनियमचे अर्धवाहक भाग होऊं लागले. एकाच छपराखालीं जुन्याचा उदय आणि त्याचा वारस हे दोन्ही पाहावयास मिळाले.

त्या दशकांत मुंबईच्या तरुण वादकांना परदेशी ध्वनिवर्धक मिळणें दुरापास्त होतें. आयातीवर कडक निर्बंध होते. लॅमिंग्टन रस्त्यावरच्या दुकानांतून सुटे भाग आणावे, कोणा हौशी कारागिराकडून पेटी जुळवून घ्यावी आणि तिच्यावर विलायती आवाजाची नक्कल करावी, असा तो काळ होता. १९७० आणि १९७१ सालीं 'सिमला बीट' स्पर्धेच्या ज्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, त्यांत देशी वाद्यवृंदांच्या गिटारींचा फाटका स्वर ऐकावयास मिळतो. १९७२ सालीं इंग्लंडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट हे मुंबईस आले असतां, त्यांनीं कुलाब्याच्या एका नृत्यगृहांत उसन्या घेतलेल्या वाद्यांवर आपली कला दाखविली. जगांतले उत्तमोत्तम ध्वनिवर्धक ज्यांच्या पदरीं होते, त्यांनाहि त्या रात्रीं हातीं आलेल्या सामानावरच भागवावें लागलें.

अनुकरणाचा खरा प्रश्न असा उभा राहिला: व्हॉल्व्हवांचून आणि कानठळ्यांवांचून व्हॉल्व्हचा स्वर काढतां येईल काय? याचें एक उत्तर अमेरिकेंतील टॉम शोल्झ यांनीं दिलें. ते यंत्रविद्येचे पदवीधर आणि नामांकित वादकहि होते. १९८२ सालीं त्यांनीं 'रॉकमन' नांवाची कमरेला लावतां येईल एवढी लहान पेटी काढली. तिचा आवाज कानावरच्या श्रवणयंत्रांतून ऐकावयाचा. १९८९ सालीं न्यूयॉर्कच्या अँड्र्यू बार्टा यांनीं 'सॅन्सॲम्प' ही पेटी आणली आणि या मार्गाला पक्कें रूप दिलें. 'टेक २१' ही त्यांची संस्था. त्यांनीं केवळ फाटका आवाज निर्माण केला नाहीं. पहिला व्हॉल्व्ह, शेवटचा व्हॉल्व्ह आणि स्पीकर या सर्वांच्या वर्तनाची एकामागून एक नक्कल अर्धवाहकांच्या साह्यानें केली.

या रीतीला ॲनलॉग, म्हणजे सलग रीत म्हणतात. तींत ध्वनीचे आंकडे होत नाहींत. वीज आरंभापासून अखेरपर्यंत लहरीच्याच रूपांत वाहते. मर्यादेजवळ जी लहर एकदम छाटली गेली असती, ती कांहीं विशिष्ट ट्रॅन्झिस्टरांच्या किंवा डायोडांच्या योजनेनें हलके हलके वाकविली जाते. एकाच जागीं जोरानें फाडण्यापेक्षां तीन जागीं थोडें थोडें दाबावें, असें येथील धोरण असतें. शेवटीं स्पीकरच्या जागीं, वरचा किरकिराट गाळणारी चाळणी असते. दुसरी रीत अंकीय. तींत ध्वनीचे सेकंदाला हजारों तुकडे मोजून त्यांवर गणित चालवितात. १९९८ सालीं लाइन सिक्स या संस्थेचा 'पॉड' आला आणि ही रीत घराघरांत पोंचली. दोन्ही रीतींत यश तेवढेंच येतें, जेवढा मूळ दोषाचा अभ्यास खोल असतो. ज्यानें स्पीकरची चाळणी विसरून नुसता फाटका आवाज काढला, त्याच्या पेटींतून पत्र्यावर वाळू ओतल्यासारखा नाद येतो.

घरीं अशी पेटी वापरणाराचा पुष्कळदां हिरमोड होतो, आणि त्याचा दोष पेटीच्या माथीं मारला जातो. कारणें बहुधा साधीं असतात. पहिलें कारण म्हणजे गेनचा अतिरेक. थोर वादकांच्या ध्वनिमुद्रिकांत जो आवाज घनदाट वाटतो, त्यांत फाटकेपणा अपेक्षेहून कमी असतो. भरीवपणा हाताच्या आघातानें आणि साथीच्या वाद्यांनीं आलेला असतो. गेन निम्म्यावर ठेवावा, गिटारीवरचा नॉब कमी करून स्वच्छ आवाज मिळवावा आणि वाढवून फाटका करावा, म्हणजे पेटी हाताला उत्तर देऊं लागते. दुसरें कारण कानाचें. फ्लेचर आणि मन्सन यांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, आवाज लहान असला म्हणजे मनुष्याच्या कानाला खर्जाचे आणि अतितार ध्वनि विशेष कमी ऐकूं येतात. म्हणून घरीं बास आणि ट्रेबल वाढवून जो स्वर गोड वाटतो, तोच सभागृहांत मोठा केला कीं घुमूं आणि टोंचूं लागतो. गिटारीचें खरें स्थान मध्यम ध्वनींत आहे. मिडलचा नॉब उतरवून टाकणें म्हणजे वाद्याचा आवाजच काढून घेणें होय. तिसरें कारण जागेचें. पेटी जमिनीवर भिंतीला चिकटवून ठेविली तर खर्ज फुगतो. ती स्टुलावर, भिंतीपासून हातभर दूर आणि तोंड कानाकडे करून ठेविली, तर तोच स्वर स्वच्छ होतो. आणि ज्या पेटींत स्पीकरची चाळणी आधींच आहे, तिचा आवाज पुन्हां गिटारीच्या स्पीकरमधून घेतला तर तो दोनदां गाळला जाऊन मंद होतो. तो साध्या, सपाट स्पीकरमधून घ्यावा.

हें अनुकरण आपल्याकडे नवीन नाहीं. बंगळूरचे राज नारायण यांनीं १९७९ सालीं विजेवर चालणारा तंबोरा सिद्ध केला. पहिल्या पेट्यांत ध्वनिमुद्रण नव्हतें. विजेच्या लहरीलाच असा आकार दिलेला असे कीं तिच्यांतून जवारीचा भास व्हावा. जाणकारांनीं नाकें मुरडलीं, आणि तींहि अकारण नव्हे. त्या पेटींत तारेची प्रत्येक छेड सारखीच, मनुष्याच्या बोटाची प्रत्येक छेड निराळी. पण ज्या घरांत तंबोरा धरावयास दुसरें माणूस नव्हतें, त्या घरांत मुलांचा रियाज या पेटीवर होऊं लागला. मिरजेचा तंबोरा त्यामुळें मेला नाहीं. २०२४ सालीं मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालें. मात्र कारागिराचें पोट केवळ मानांकनानें भरत नाहीं, हेंहि खरें. नकलेवर शिकलेला गायक पुढें एकदां तरी अस्सल वाद्याकडे वळला, तरच ती परंपरा चालेल.

गिटारीच्या बाबतींतहि हाच न्याय लागू पडतो. किनवटच्या एखाद्या गल्लींत, रात्रीं शेजार निजल्यावर, लहानशा ॲनलॉग पेटीवर गिटार वाजविणारा मुलगा व्हॉल्व्हचा ध्वनिवर्धक कदाचित् कधीं पाहणारहि नाहीं. पण त्याच्या कानावर जो स्वर पडतो, त्याच्यामागें फ्लेमिंगची नळी, डी फॉरेस्टची जाळी, फेंडर-मार्शल यांच्या पेट्या आणि स्पीकर चिरणाऱ्या दोन हट्टी तरुणांचे कान आहेत. दोष कोठें ठेवावा आणि किती ठेवावा, हें मिरजेचा कारागीर सुताच्या दोऱ्यानें ठरवितो. त्या मुलाच्या हातीं तोच निर्णय एका नॉबच्या रूपानें आलेला असतो. दोरा नेमका कोठें थांबवावा, हें दोघांनाहि अखेर कानानेंच शिकावें लागतें.